ओरपा

नाव सापडत नव्हतं त्या दिवसांत मला एका जागी बसवत नव्हतं. मिरच्या भाजता भाजता उठायचे, अंगणात जायचे, एखादा शब्द मोठ्यानं म्हणून बघायचे आणि तो कानाला पटला नाही की परत कढईपाशी यायचे. शेजारणीनं एकदा कुंपणावरून विचारलं, "कुणाला हाका मारायलाव गं?" काय सांगणार तिला?

मी येसर करते. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ वेगवेगळी खरपूस भाजायची, धने, जिरे, मिरे, सुकं खोबरं आणि मिरची भाजायची, सगळं मिळून दळून आणायचं. फोडणीत पाणी उकळलं की हे पीठ टाकायचं, झाली आमटी. माझं माहेर तेलगावचं. कापूस वेचून आलेली आई ज्या वेगानं ही आमटी करायची, त्या वेगानं आजही माझ्याच्यानं होत नाही. पण पीठ मात्र तिच्यासारखं जमतं. लग्न होऊन पालीला आले, मुलगी मोठी झाली, शिकायला संभाजीनगरला गेली आणि रिकामं घर खायला उठलं, तेव्हा मी पत्र्याच्या शेडमध्ये मोठी कढई मांडली.

सुरुवातीला पाकिटावर काहीच नव्हतं. साधी प्लास्टिकची पिशवी, तोंड मेणबत्तीवर धरून चिकटवलेलं. नवरा बीडला एका कॉलेजात क्लार्क आहे. तो जाताना गाडीवर पिशवी न्यायचा आणि तिथल्या एका किराणा दुकानात द्यायचा. कधी मीही मागं बसून जायचे. दुकानदार मोकळा माणूस. माल खपायला लागल्यावर तोच म्हणाला,

"ताई, कायतरी नाव टाका आता. गिऱ्हाईक येतंय अन् म्हणतंय, ते मागल्या बारीचं द्या. मागल्या बारीला कुणाला काय दिलं, मला काय ठाव?"

"कसलं नाव टाकू?"

"कसलं बी टाका, पण 'ते लाल पाकीट' म्हणण्याहून सोपं पायजे. नसता लोक लाल पाकीटच म्हणत्यात. एवढं छापून काय उपेग?"

त्याच्या या एका वाक्यानं माझं डोकं धरलं. सोपं पाहिजे. नवऱ्यानं त्याच संध्याकाळी कॉलेजच्या पत्राचा मसुदा करावा तसं नाव तयार केलं: मराठवाडा पारंपरिक येसर व मसाले गृहउद्योग. मी म्हटलं, "हे नाव घेईपर्यंत आमटी निवेल." मुलगी फोनवर इंग्रजी नावं सांगायची. ती नावं चांगली होती, पण एखाद्या म्हातारीनं ती काउंटरवर उच्चारली असती का? मग मी बाजारात मसाल्यांची पाकिटं बघत फिरायला लागले. निम्म्यावर देव्या होत्या, उरलेल्यांवर आई, आजी, चूल आणि गावरान. एकाजवळ दुसरं ठेवलं तर कोण कुणाचं ते कळेना. बघून आले की तासभर वाटायचं, आता सुचेल. मग ते वाटणंही जायचं.

दळण आणायला जायचे ती गिरणी गावातच आहे. गिरणीवाला कानानं जरा मंद, त्यात पट्ट्याचा आवाज. एकदा तो म्हणाला, "काय पुटपुटताव वैनी? जोरात बोला." मी जोरात म्हटलं, "सुगंधी!" तो म्हणाला, "संधी? कसली संधी?" तिथून मला एक नादच लागला. नाव सुचलं की गिरणीत जायचं आणि चालू पट्ट्यावर ते ओरडून बघायचं. जे नाव त्याला पहिल्या फटक्यात ऐकू येणार नाही ते बाद. फार नावं बाद झाली. 'भुरका' त्याला लगेच ऐकू आलं आणि मला वाटलं, सापडलं. आमटीचा भुरका! पण तो म्हणाला, "तिखटाचा भुरका विकायलाव व्हय? तेलात परतलेला?" आमच्याकडं भुरका म्हणजे लसूण-तिखटाची परतलेली पूड. लोक भुरका समजून येसर नेणार आणि भाकरीला लावून खाणार! बाद.

शेवटी नाव सापडलं ते जेवताना. नवरा आमटी वाटीनं पित नाही, ताटातच घेतो आणि हातानं ओरपतो. आवाज अंगणापर्यंत जातो. मुलगी सुट्टीला आलेली होती. ती वैतागून म्हणाली, "पप्पा, ओरपू नका ना! होस्टेलच्या मैत्रिणींसमोर असं केलं तर मी उठून जाईन." तो म्हणाला, "येसर हाय बाळा. ओरपायचं न्हाई तर काय करायचं?" आणि आणखी जोरात ओरपलं.

मी हातातली भाकरी ठेवली. "ओरपा," मी म्हटलं.

"बघ, तुझी आई बी म्हणतीय," तो म्हणाला.

"तुम्हाला नाही म्हणत. नाव म्हणतेय. ओरपा येसर."

मुलगी आधी हसली, मग तिनं नाक मुरडलं. म्हणाली, "आई, हे कसंतरीच आहे. पण मी आता हे विसरूच शकत नाही." दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्यापुढं ओरडले. त्यानं पट्टा बंद केला आणि विचारलं, "काय ओरपू?"

नाव ठरलं म्हणजे मी शांत होईन असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही, कारण आता पाकीट छापायचं होतं आणि पाकिटाला मागची बाजू असते.

मागं काय काय लिहावं लागतं ते नवरा नीट वाचून आला होता. त्यात माल कुणी तयार केला, कुठं केला, हेही आलं. त्यानं कागदावर माझं नाव लिहिलं, पुढं आपलं आडनाव. मी ते आडनाव बघितलं आणि म्हटलं, "हे नको."

आम्ही बौद्ध आहोत. दारावर पंचरंगी झेंडा आहे, त्याची आम्हाला कधी चोरी वाटली नाही. पण आमचं आडनाव असं आहे की ते ऐकलं की समोरचा माणूस मनातल्या मनात आमची गल्ली शोधायला लागतो. त्यात गेल्या काही दिवसांत जिल्ह्याची हवा फार बिघडली होती. कोणत्या दुकानातून घ्यायचं अन् कोणत्या नाही, हे लोक पाटी वाचून ठरवायला लागले होते. ते आमच्यावरून नव्हतं, दुसऱ्यांचं भांडण होतं, पण पाटी वाचायची सवय एकदा लागली की ती सगळ्यांनाच वाचते. काहींनी तर पाट्यांवरची आडनावं रंगानं पुसून टाकली होती. अशात खायची वस्तू. कपडा असता, चप्पल असती, तर वेगळं होतं.

"नको कावून?" नवऱ्यानं विचारलं. त्याचा आवाज चढला होता. "चोरी केली का आपण?"

"चोरी नाही केली. विकायचंय मला."

"आपल्या आज्याच्या वक्ताला लोक सावली चुकवायचे. तवा बी त्यानं नाव लपवलं न्हाई."

"आज्यांनी येसर विकलं नाही," मी म्हटलं. "विकलं असतं तर त्यांनाही कळलं असतं."

मुलीनं तोडगा काढला. उद्योगाला वेगळं नाव असलं तर मागं तेच चालतं, माणसाचं आडनाव लागत नाही. मग नोंदणीही त्याच नावानं केली आणि छापलं: ओरपा गृहउद्योग, मु. पो. पाली, ता. जि. बीड. खाली फोन नंबर. नवरा छापखान्यापर्यंत आला, पण आत आला नाही. गाडीवर बसून राहिला.

नाव चाललं. खरंच चाललं. दुकानदार म्हणाला, लोक पाकीट बघून आधी हसतात, मग उचलतात. पोरं दुकानात येऊन "ओरपा द्या, ओरपा" करून आयांना भंडावतात. दुसऱ्या दोन दुकानांनी माल मागवला. मी मदतीला शेजारीण घेतली. पण मला उलट जास्तच चुळबूळ व्हायला लागली. दुकानात माल द्यायला गेले की मी लगेच निघायचे नाही. बाजूला डाळींच्या पोत्यांपाशी उभी राहायचे आणि कुणी पाकीट उचललं की बघायचे. बहुतेक जण पुढचंच बघत. कुणी एखादा पाकीट उलटं करी, आणि मागं लपवायला काहीच नसूनही मी पोत्यांआड सरके.

असंच एकदा उभी होते. एक बाई आल्या. माझ्याहून वयानं मोठ्या, इरकल नेसलेल्या, चांगल्या घरच्या. त्यांनी यादीबिदी काही काढली नाही. सरळ म्हणाल्या, "ओरपाची दोन पाकिटं द्या आधी, मग बाकीचं सांगते."

अनोळखी माणसाच्या तोंडून मी ते नाव पहिल्यांदा ऐकत होते. वाटलं, पुढं होऊन सांगावं, मावशी, मी केलंय ते. मी एक पाऊल टाकलंही.

तेवढ्यात त्या दुकानदाराला म्हणाल्या, "लई झाक करती ओ ही बाई. आमच्यातलीच असल. दुसऱ्याच्या हाताला ही चव यायची न्हाई." आणि पिशवीची घडी मोडता मोडता अगदी सहज पुढं म्हणाल्या, "अन् दुसऱ्याच्या हातचं आमच्या सासूबाईला चालत बी न्हाई."

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. त्याला आमचं घर माहीत होतं. नवऱ्याची त्याची जुनी ओळख. मी त्याच्याकडं बघितलं. त्याचं तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "साखर किती देऊ, मावशी?"

बाई सामान घेऊन गेल्या. जाताना माझ्याकडं बघून हसल्या, दुकानात उभ्या असलेल्या कुणाही बाईकडं बघून हसावं तशा. दुकानदार खाली बघून तराजूचं पारडं पुसत राहिला.

"मनावर घेऊ नका, ताई," तो म्हणाला. "जुनी माणसं हायत."

"तुम्ही काही बोलला नाहीत."

त्यानं फडकं खाली ठेवलं. "तुमी बी न्हाई बोलल्या," तो म्हणाला.

त्याचं ते बोलणं मला लागायला नको होतं, कारण ते खरं होतं. मी बाहेर पडले. नवऱ्याचं कॉलेज सुटायला वेळ होता. मी नुसती चालत सुटले. सुभाष रोडनं खाली गेले, बिंदुसरेच्या पुलावर थांबले, परत फिरले. प्रत्येक दुकानाची पाटी वाचत होते आणि वाचतेय हे लक्षात आलं की मान खाली घालत होते. त्या बाईचा राग येत होता का? येत होता, पण पुरता येत नव्हता. तिनं माझं कौतुकच केलं होतं. माझ्या हाताची चव तिनं स्वतःच्या जातीत घालून घेतली होती, आणि ती तिथं बसावी अशी सोय मीच करून दिली होती. घरच्या वाटेवर गाडीवर मागं बसल्या बसल्या मी नवऱ्याला सगळं सांगितलं.

घरी आल्यावर मी म्हटलं, "पुढची पाकिटं छापायची ती माझ्या नावानं. आडनावासकट."

मला वाटलं, तो खूश होईल. तो पाण्याचा तांब्या हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"आता चाललंय तर चालू दे की," तो म्हणाला.

"तुम्हीच तर म्हणत होता."

"म्हणत होतो. तवा धंदा बुडाला असता तर आपलं काय गेलं असतं? एक कढई. आता शेजारची बाई कामाला हाय, पोरीचं शिक्षण हाय." मग तांब्या खाली ठेवून म्हणाला, "अन् तू रोज त्या दुकानात जाऊन उभी राहतीस. कुणी पाकीट खाली ठेवलं तर तुलाच दिसणार हाय ते. मला न्हाई."

हे त्याच्या मनात असेल असं मला वाटलं नव्हतं. मी त्याच्याशी भांडायच्या तयारीत होते, ते राहून गेलं.

छापखान्यातला माणूस तरुण होता, कामात हुशार. मी त्याला सांगितलं, समोरच्या बाजूला 'ओरपा'च्या खाली माझं पूर्ण नाव टाक. त्यानं नाव वाचलं, पडद्यावर मांडून बघितलं आणि मान हलवली.

"मावशी, एका पाकिटावर दोन नावं झाली की गिऱ्हाईकाच्या ध्यानात एक बी राहत न्हाई. 'ओरपा' एकटंच राहू द्या. लई मेहनतीचं नाव हाय."

"म्हणजे मागं बारीक टाकायचं?"

"मागं टाका, पण बारीक कावून?" त्यानं अक्षरं मोठी करत नेली. "एवढी? का अजून?"

मी म्हटलं, "चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजेत."

त्यानं अजून मोठी केली. वर 'तयार करणार' आणि खाली माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. आपलं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात मी लग्नपत्रिकेतही बघितलं नव्हतं. नोंदणीत लागेल ती दुरुस्ती नवऱ्यानं पुढच्या आठवड्यात करून आणली.

ती पाकिटं दुकानात गेली. दुकानदारानं एक उलटं करून वाचलं आणि फळीवर लावलं. त्याच जागी, समोर, मागं सरकवलं नाही. त्याचं मला अजून बरं वाटतं. पण माल संपायला वेळ लागायला लागला. पहिला महिना तसा गेला, दुसरा त्याहून वाईट. त्या दोन नव्या दुकानांपैकी एकानं फोन उचलणं बंद केलं. त्या इरकलवाल्या बाईंचं मीच विचारलं. दुकानदार म्हणाला, "आल्या होत्या. पाकीट घेतलं, वाचलं. मला इचारलं, तुला ठाव होतं का? मी म्हणलं, होतं. मग ठेवलं पाकीट अन् गेल्या. बाकीचं सामान बी न्हाई नेलं."

"तुमचं गिऱ्हाईक गेलं माझ्यामुळं."

"जाऊ द्या," तो म्हणाला. पण त्याला ते जड गेलं होतं, दिसत होतं.

शेजारणीला मी आठवड्यातून काहीच दिवस बोलवायला लागले. तिचं कुंपणावरून बोलणं कमी झालं. तेलगावच्या बाजारात पाकिटं घेऊन बसले, बचत गटांच्या प्रदर्शनात टेबल लावलं. तिथं लोक नाव वाचून हसत हसत यायचे, चमच्यानं आमटी चाखायचे. काही मागचं वाचून ठेवायचे, काही वाचून घ्यायचे, पुष्कळ जण वाचतच नसत. कोण कसा, हे तोंड बघून मला कधीच ओळखता आलं नाही. ज्यांच्याबद्दल खात्री वाटायची तेच चुकायचे.

मग लिंबागणेशहून एका हॉटेलवाल्याचा फोन आला. चतुर्थीला दर्शनाची गर्दी असते, आमटी-भाकरीचं जेवण ठेवतो, कुठंतरी ओरपाची आमटी खाल्ली, आवडली. आणि म्हणाला, "पाकिटं नकोत. मोठ्या पिशवीत सुट्टं द्या. नाव-गाव काय बी नको."

माझ्या कानात ते 'नाव-गाव नको' अडकलं. मी म्हटलं, "सुट्टं देत नाही. पाकिटातच मिळेल."

"अहो, फोडायलाच पायजेत की मला ती!"

"फोडा. पण मिळेल पाकिटातच."

तो हसला, विचार करतो म्हणाला आणि फोन ठेवला. नवरा समोरच होता. तो म्हणाला, "त्याच्या मनात तसलं काय नसल बी. खर्चाचं बोलत असल." असेलही. मी दिवसभर शेडमध्ये आदळआपट करत राहिले. त्याचा परत फोन आला तेव्हा मी जवळजवळ सुट्टं द्यायला तयार झाले होते, पण तोच म्हणाला, द्या पाकिटं.

माल जायला लागला. एका चतुर्थीला मीच नवऱ्याला म्हटलं, चला, बघून येऊ. मांजरसुंब्याचा घाट चढून आम्ही गेलो. देवळापासून थोड्या अंतरावर पत्र्याचं हॉटेल, बाहेर फळ्यावर खडूनं लिहिलेलं: गरम भाकरी, ठेचा, ओरपा आमटी. आत बाकं भरलेली. कुणीतरी ओरडत होतं, "इकडं दोन ओरपा!" येसर हा शब्दही कुणी म्हणत नव्हतं. मी ठरवून शोधलेलं नाव माझ्याशिवाय इथवर येऊन बसलं होतं. आम्ही जेवलो. मला हसू आवरत नव्हतं.

निघताना गल्ल्यावर मी सांगितलं की पालीची ती मीच. हॉटेलवाला उठून उभा राहिला. आत बघून ओरडला, "अगं ए, बाहेर ये, ओरपावाल्या बाई आल्यात!" त्याची बायको हात पुसत आली. मी त्या दोघांना माझं नाव सांगितलं, आडनावासकट. गरज नव्हती, पाकिटावर होतंच. तरी सांगितलं. तो म्हणाला, "बरं बरं. बसा, चहा घेतल्याबिगर जायचं न्हाई."

गिऱ्हाइकांचा चहा कागदी कपात होता. आमचा चहा तिनं आतून आणला, बशीसकट, निळ्या फुलांच्या कपात. घरातला कप होता तो. आणि तो हातात घ्यायच्या आधी मी त्याच्या कडा बघितल्या, दांडी बघितली, तिच्या हातातला तिचा कप कसला आहे तेही बघितलं. तसलाच होता. मी हे बघितलं याचा मला इतका राग आला की चहा गरम असतानाच घटाघटा पिऊन टाकला. जीभ भाजली.

"अजून देऊ का?" तिनं विचारलं.

"द्या," मी म्हटलं.